बोट न मोडता पळवायची कशी? ‘द ओशन रेस’चं गणित

२२ ऑक्टोबर २०१७ ला स्पेनच्या अलिकान्ते बंदरातून सात बोटी पृथ्वीला वळसा घालायला निघाल्या. आठ महिने गेले, सुमारे ४५,००० सागरी मैलांचा प्रवास संपत आला, दहा टप्पे पार पडले. स्वीडनच्या गॉथेनबर्गहून अकराव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याला निघताना गुणफलक असा होता: ‘माप्फ्रे’ ६५, ‘ब्रुनेल’ ६५, ‘डाँगफेंग’ ६४. शिवाय सगळ्या टप्प्यांत मिळून सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या बोटीचा एक जादा गुण डाँगफेंगच्या खिशात जवळपास पडलेलाच. म्हणजे तिघेही बरोबरीत. या तिघांत जो आधी हेगला पोहोचेल तो चषक नेणार. गंमत अशी की डाँगफेंगनं तोवर एकही टप्पा जिंकलेला नव्हता. दहापैकी शून्य.

डेन्मार्क मागे पडल्यावर तिघांपुढे एकच प्रश्न आला. जर्मनी आणि हॉलंडसमोर मोठ्या जहाजांच्या रहदारीचे पट्टे आहेत, तिथे शिडाच्या बोटींना जायला आयोजकांची मनाई होती. ही चौकट बाहेरून, खुल्या समुद्राच्या बाजूनं ओलांडायची की आतून, किनाऱ्याला धरून? माप्फ्रे आणि ब्रुनेल बाहेरून गेल्या. डाँगफेंगनं किनारा धरला. २४ जून २०१८ ला हेगसमोर बोटी दोन वेगळ्या दिशांनी एकाच रेषेकडे आल्या आणि डाँगफेंग मिनिटांच्या फरकानं पुढे निघाली. अंतिम गुण: ७३, ७०, ६९.

टप्पा एकच जिंकला, तोही शेवटचा, आणि अख्खी शर्यत घेऊन गेले. हे कसं जमतं ते कळलं की ही शर्यत निम्मी कळली. उरलेली निम्मी बोटीत काय मोडतं ते पाहून कळते.

टप्पे आणि गुण

१९७३ मध्ये ‘व्हिटब्रेड राउंड द वर्ल्ड रेस’ या नावानं हिची सुरुवात झाली. इंग्लंडच्या पोर्ट्समथहून १७ बोटी निघाल्या आणि केपटाऊन, सिडनी, रिओ द जानेरो असे थांबे घेत परत आल्या. मेक्सिकोचे उद्योजक रामोन कार्लीन यांची ‘सायुला २’ जिंकली. त्या पहिल्याच फेरीत तीन खलाशी समुद्रात पडून दगावले. पुढे प्रायोजक बदलल्यावर ती ‘व्होल्वो ओशन रेस’ झाली, आता नुसती ‘द ओशन रेस’. आधी सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवून विजेता ठरायचा. १९९७-९८ पासून वेळेऐवजी गुण मोजतात, आणि या एका बदलानं शर्यतीचा स्वभावच पालटला.

२०२३ ची फेरी घेऊ, कारण तिचं गुणांकन सोपं आहे. मोठ्या गटात पाच बोटी होत्या. टप्पा जिंकणाऱ्याला ५ गुण, दुसऱ्याला ४, असं उतरत शेवटच्याला १. अर्धवट सोडणाऱ्याला शून्य. केपटाऊनहून ब्राझीलच्या इताजाईपर्यंतचा तिसरा टप्पा १२,७५० सागरी मैलांचा होता. शर्यतीच्या इतिहासात तोवर एवढा लांब टप्पा झाला नव्हता. म्हणून त्यात दोनदा गुण ठेवले: ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला १४३ अंश पूर्व रेखावृत्त ओलांडताना एकदा आणि शेवटी एकदा. अमेरिकेच्या न्यूपोर्टहून डेन्मार्कच्या आरहूसपर्यंतच्या अटलांटिक टप्प्याला दुप्पट गुण होते. बंदरातल्या छोट्या शर्यतींचे गुण वेगळे मोजतात. ते फक्त बरोबरी झाली तर उपयोगी पडतात.

आता यातली मेख. टप्पा पाच मिनिटांनी जिंका की दोन दिवसांनी, गुण तेवढेच. त्यामुळे ज्याची आघाडी २०० मैलांची झाली त्यानं आणखी जोर लावण्यात काही अर्थ नसतो. तो शीड लहान करून बोट जपतो. दुसरी मेख याहून मोठी आहे. सर्वांत वाईट टप्पा हिशोबातून वगळायची सोय इथे नाही. छोट्या होड्यांच्या बहुतेक स्पर्धांत एक वाईट निकाल सोडून देता येतो. इथे एका टप्प्यातला शून्य शेवटपर्यंत शून्यच राहतो.

‘होल्सिम पीआरबी’चं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. पहिला टप्पा तिनं जिंकला, दुसरा जिंकला, तिसऱ्यातली मधली रेषाही सगळ्यांत आधी तिनंच ओलांडली. १५ पैकी १५. इताजाईला दुसरी आली. मग चौथ्या टप्प्यात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिची डोलकाठी मोडली आणि त्या टप्प्याचा भोपळा मिळाला. शेवटी ती ३४ गुणांवर थांबली, विजेती ‘इलेव्हन्थ अवर रेसिंग’ ३७ वर. फरक तीन गुणांचा. चौथा टप्पा लंगडत का होईना पूर्ण झाला असता तर हिशोब किती बदलला असता ते वाचकांनी बोटांवर मोजून पाहावं.

बोट

२०२३ ची मुख्य बोट म्हणजे इमोका ६०. लांबी ६० फूट, म्हणजे १८.२८ मीटर. वजन आठ-नऊ टन. पाण्याखाली साडेचार मीटर खोल, पाण्यावर डोलकाठी नऊ मजली इमारतीएवढी. सगळी बांधणी कार्बन फायबरची. चार खलाशी, त्यांत किमान एक स्त्री हवी असा नियम, आणि पाचवा माणूस चित्रण करणारा वार्ताहर. त्यानं दोराला हात लावायचा नाही. चहा करू शकतो.

एवढी हलकी बोट एवढं मोठं शीड पेलते कशी? शीड वाऱ्यानं बोटीला एका अंगावर ढकलतं, तिला सरळ धरायला वजन विरुद्ध बाजूला हवं. शिडाच्या छोट्या होडीत माणसंच वाऱ्याकडच्या काठावर जाऊन बसतात. इथे ते काम कील करते. कील म्हणजे बोटीच्या पोटाखालचं पोलादी पातं, टोकाला शिशाचा मोठा गोळा. हायड्रॉलिक दांड्यानं हे पातं वाऱ्याच्या बाजूला ३८ अंशांपर्यंत कलवता येतं. भर म्हणून बोटीच्या पोटातल्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, आणि सुटी शिडं, अन्नाच्या पिशव्या, हत्यारपेट्या, सगळं उचलून वाऱ्याच्या अंगाला रचतात. बोट दुसऱ्या अंगावर घेतली की हा सगळा पसारा उचलून पलीकडे. ओलं शीड पिशवीसकट ओढायचं म्हणजे दोघांचा दम निघतो, आणि हे मध्यरात्री, डुचमळत्या, कमरेइतक्याच उंचीच्या बोगद्यात रांगत करायचं असतं.

मग फॉइल. मालवणकडच्या उलांडीच्या होडीसारखं बाजूला बाहेर आलेलं, पण वाकडं, पंखासारखं कार्बनचं पातं, दोन्ही अंगांना एकेक. बोटीनं साधारण १५-१८ नॉटचा वेग घेतला की पाण्यातलं फॉइल विमानाच्या पंखासारखं वर उचलायला लागतं. बोटीचं पोट पाण्याबाहेर निघतं, घर्षण कमी होतं, वेग एकदम २५-३० नॉटवर जातो. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. मे २०२३ मध्ये ‘मालित्सिया’ या बोटीनं २४ तासांत ६४१.१३ सागरी मैल कापले. म्हणजे ११८७ किलोमीटर, मुंबई-दिल्ली सरळ रेषेत मोजून वर थोडं उरेल एवढं, तेही फक्त वाऱ्यावर.

पण याच फॉइलमध्ये अडचण दडलेली आहे. २०२३ च्या नियमांत सुकाणूला आडवं पातं बसवायला बंदी होती. त्यामुळे बोट पुढून उचलली जाते, मागून तिला आधार नसतो. ती उडते, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर जाते, उचल सुटते आणि समोरच्या लाटेत नाकावर आदळते. ३० नॉटवरून १५ वर यायला एक सेकंदही लागत नाही. आत उभा माणूस पुढच्या भिंतीवर जातो. म्हणून झोपताना पाय नाळेकडे ठेवायचे हा पक्का नियम आहे. आदळली तर धक्का पायांवर यावा, मानेवर येऊ नये.

एक गोष्ट ऐकून लोकांना नवल वाटतं. इमोकावर चोवीस तासांतला जवळजवळ सगळा वेळ ऑटोपायलटच सुकाणू धरतो. आधीच्या दोन फेऱ्यांतल्या ६५ फुटी बोटींवर ऑटोपायलटला मनाई होती, तिथे माणूस चाकाशी उभा असायचा आणि लाटा अंगावर घ्यायचा. आता खलाशी छताखाली बसून शिडांचे दोर, कील आणि फॉइल यांच्याशी खेळत असतो. समोरच्या पडद्यावर डोलकाठी आणि फॉइलवरचा ताण दिसतो, ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की अलार्म किंचाळतो आणि त्या क्षणी दोर सैल सोडायचा असतो. हे कमी धाडसाचं आहे असं आम्हाला वाटत नाही, पण पाहायला कमी देखणं आहे, हे खरं.

सरळ रेषा नेहमी उशिरा पोहोचवते

शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. ४०-४५ अंश बाजूनं नागमोडी चढावं लागतं. बरोबर पाठीशी वारा घेऊनही ती मंदच असते. इमोकाला सर्वांत जोर येतो तो वारा बाजूनं, किंचित मागून असताना. प्रत्येक बोटीचा एक तक्ता असतो: वारा इतके नॉट, इतक्या अंशातून, तर वेग इतका. त्याला पोलार म्हणतात. नेव्हिगेटर उपग्रहावरून हवामानाच्या फाइली उतरवतो, संगणक त्या पोलारशी ताडून रस्ता काढतो. हवामानाची माहिती घेता येते, पण किनाऱ्यावरच्या तज्ज्ञाला फोन करून ‘डावीकडे जाऊ की उजवीकडे’ हे विचारायला सक्त मनाई. निर्णय बोटीवरच झाला पाहिजे.

संगणक एक गोष्ट विसरतो. तो धरून चालतो की बोट पोलारप्रमाणे शंभर टक्के पळेल. रात्री, ढगांच्या गर्दीत, तीन तास झोपलेली माणसं ऐंशी टक्केच पळवतात. अनुभवी नेव्हिगेटर हा टक्का आधीच कापून ठेवतो. नाहीतर दोन दिवसांनी जो वाऱ्याचा पट्टा पकडायचा त्याच्या मागे सहा तास पोहोचायचं, आणि तो पट्टा पुढे निघून गेलेला असायचा.

युरोपातून केपटाऊनला जाणाऱ्या बोटी नकाशावर पाहिल्या तर वेड लागल्यासारख्या दिसतात. आफ्रिका डावीकडे असताना त्या उजवीकडे, थेट ब्राझीलच्या दिशेनं निघतात. कारणं दोन. विषुववृत्ताजवळचा शांत पट्टा आफ्रिकेकडे रुंद आणि पश्चिमेला अरुंद असतो. तिथे वारा पडतो, मग एकाएकी ढगाखालून पस्तीस नॉटचा झोत येतो, पुन्हा सगळं निपचित. हा पट्टा जितका चिंचोळा सापडेल तितकं बरं. दुसरं, दक्षिण अटलांटिकच्या मधोमध सेंट हेलेनाचा जास्त दाबाचा प्रदेश बसलेला असतो. त्याच्या पोटात वारा नाही. सरळ रेषा त्यातूनच जाते. म्हणून त्याच्या पश्चिमेनं मोठा वळसा घालायचा, दक्षिणेचे पश्चिमी वारे पकडायचे आणि त्यांवर बसून केपटाऊन गाठायचं. हजार मैल जास्त, पण दिवस कमी.

केपटाऊनच्या खाली शाळेच्या भूगोलातले ‘गरजणारे चाळीस’, म्हणजे चाळीस अंश दक्षिणेखालचे जोरदार पश्चिमी वारे, सुरू होतात. एकामागून एक कमी दाबाची वादळं पश्चिमेकडून पूर्वेला फिरत असतात आणि मध्ये अडवायला जमीन नाही. युक्ती अशी की वादळाच्या पुढच्या अंगाला राहून त्याच्याबरोबर पळायचं. तिथे वारा दमदार आणि समुद्र अजून फार उसळलेला नसतो. वादळ पुढे गेलं की मागे उरतात आडव्यातिडव्या लाटा, वारा कमी आणि आदळआपट जास्त.

दक्षिणेला किती खाली जायचं यावर आयोजक रेघ ओढतात. उपग्रहांवरून हिमनग कुठे आहेत ते पाहून बर्फाची सीमा आखतात आणि ती ओलांडली तर दंड. मोठा हिमनग रडारवर दिसतो. त्याचा तुटलेला, ट्रकएवढा, पाण्याशी समतल तरंगणारा तुकडा दिसत नाही आणि घात तोच करतो. पण अंतर तर दक्षिणेलाच कमी. म्हणून सगळ्या बोटी सीमेला चिकटून नागमोडी पळतात: सीमेपर्यंत खाली, वळण, थोडं वर, पुन्हा खाली. अशा दर वळणाला झोपलेल्यांनाही उठून पसारा हलवावा लागतो. दिवसाला पाच-सहा वळणं झाली की झोपेचा हिशोबच संपतो.

नकाशानंही घात होतो. २९ नोव्हेंबर २०१४ ला केपटाऊन ते अबुधाबी टप्प्यात ‘टीम व्हेस्टास विंड’ रात्री मॉरिशसच्या ईशान्येकडच्या कार्गादोस काराजोस या प्रवाळाच्या खडकांवर १९ नॉटनं चढली. इलेक्ट्रॉनिक नकाशा दूरवरून पाहताना तो प्रवाळ दिसतच नाही, पुरेसं जवळ केल्यावरच उमटतो. कुणी तो तेवढा जवळ करून पाहिला नव्हता. नऊही जण वाचले. बोट खडकावरून काढून इटलीत पुन्हा बांधली आणि ती जून २०१५ मध्ये लिस्बनहून शर्यतीत परतली. तेव्हापासून शिस्त अशी की रस्ता आखला की पूर्ण रेघ नकाशा जवळ करून इंच न इंच तपासायची, मग समोर हजार मीटर खोल पाणी का दिसेना.

चौघांचा दिवस

दोघं कामावर, दोघं विश्रांतीला, पाळी तीन-चार तासांची. बिछाने माणसांपेक्षा कमी. एक उठला की त्याच्याच उबेत दुसरा शिरतो. बिछान्याला दोरी-कप्पी असते, बोट कलली तरी झोपणारा आडवा राहावा म्हणून. अन्न सुकवलेलं, पाकिटात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं थांबायचं. पिण्याचं पाणी समुद्राचंच, यंत्रानं गोडं केलेलं. ते यंत्र बिघडलं तर हातपंपाचं छोटं यंत्र असतं, पण त्यावर पेलाभर पाण्यासाठी घाम गाळावा लागतो. शौचाला बादली. इंजिन असतं, पण पंख्याच्या दांड्याला सील. त्यावर फक्त बॅटऱ्या भरायच्या. सील तोडलं तर कळवावं लागतं.

सर्वांत धोक्याची जागा कोणती म्हणाल तर चूल. मालित्सियाचे कप्तान बोरिस हेरमान यांच्या पायावर पहिल्याच टप्प्यात उकळतं पाणी सांडलं आणि त्यांना दुसरा टप्पा सोडावा लागला. तिसऱ्या टप्प्यात त्याच बोटीवरच्या रोसालिन काउपर लाटेच्या आदळण्यानं बिछान्यातून फेकल्या गेल्या, डोक्याला मार बसला. त्यांना उरलेला प्रवास अंधाऱ्या कोपऱ्यात पडून काढावा लागला आणि बोट तिघांनी चालवली.

मोडतं काय आणि का

डोलकाठीचा एक प्रसंग जवळून पाहू. मोठं शीड वर चढवलं की त्याचा दोर ताणून ठेवत नाहीत. शीड माथ्याशी एका आकड्यात अडकवतात. याला लॉक म्हणतात. ताण दोरावर राहिला असता तर डोलकाठीवर दुप्पट दाब आला असता, लॉकमुळे तो वाचतो. तिसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच मालित्सियाचं हे लॉक तुटलं. भलंमोठं शीड पाण्यात पडलं, आणि मोकळ्या झालेल्या दोरानं करवतीसारखं डोलकाठीच्या माथ्याजवळ फुटाच्या आसपास लांबीची फट कापली. अशी फट घेऊन पाच आठवडे दक्षिण महासागरात जायचं म्हणजे काठी जाणारच. केपटाऊनला परतायचा विचार झाला. शेवटी विल हॅरिस आणि काउपर पाळीपाळीनं वर चढले. फुटका भाग घासून कोरडा केला, त्यावर कार्बनचं कापड आणि राळ थरावर थर चढवली. खाली बोट दोन मीटर हलली की माथा दहा मीटर झोके घेतो. वरचा माणूस हातापायांनी काठीला मिठी मारून काम करतो. राळ सुकायला ऊब लागते आणि त्या थंडीत ती मिळवणं हेच अर्धं काम. ही बोट तो टप्पा जिंकली.

बाकीचं थोडक्यात. सुकाणू तरंगत्या ओंडक्याला किंवा जाळ्याला लागून तुटतं. जादा सुकाणू बरोबर असतं. फॉइल तुटलं तर कापून टाकतात आणि बोट एका अंगावर लंगडते. पोटाच्या कार्बन थरांमधला गाभा आदळण्यानं सुटतो. ‘गुयो एन्व्हिरॉन्मां’ला याच कारणानं तिसरा टप्पा सोडून केपटाऊनला परतावं लागलं, आणि चौथ्यात तिचीही डोलकाठी गेली. तिचे एकूण गुण २.

कधी मोडणारा दुसराच असतो. १५ जून २०२३ ला हेगहून सातवा टप्पा सुटल्यावर काही मिनिटांतच गुयो इलेव्हन्थ अवरच्या कुशीत शिरली. उजवीकडून वारा घेणाऱ्याला पुढे जायचा हक्क असतो. हक्क इलेव्हन्थ अवरचा होता आणि गुयोच्या कप्तानानं चूक तिथल्या तिथे मान्य केली. दोन्ही बोटी शर्यतीबाहेर. पण नियमांत भरपाईची तरतूद आहे: दुसऱ्याच्या चुकीनं नुकसान झालं तर पंचमंडळ गुण देऊ शकतं. इलेव्हन्थ अवरला आधीच्या टप्प्यांच्या सरासरीवरून ४ गुण मिळाले, ३३ चे ३७ झाले, आणि बोट किनाऱ्यावर असतानाच शर्यत जिंकली. काहींना हा विजय फिका वाटला. आमच्या मते उलट, तोवर एकही शून्य न घेतल्याचं ते फळ होतं.

आणि सर्वांत भयंकर ते क्रॅश जाइब. वारा मागून येत असताना बोट लाटेवरून घसरत जरा जास्त वळते, वारा शिडाच्या पाठीमागून पलीकडच्या अंगाला जातो आणि अख्खं शीड आडव्या दांड्यासकट डेकवरून झाडूसारखं फिरतं. कील आणि रचलेलं सामान आता चुकीच्या बाजूला. बोट सपाट आडवी होते. २६ मार्च २०१८ ला दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या, केप हॉर्नच्या पश्चिमेला सुमारे १४०० सागरी मैलांवर ‘स्कॅलीवॅग’वर हेच झालं. खलाशी जॉन फिशर पुढे जाण्यासाठी सुरक्षा-दोरी सोडून निघाले होते. मुख्य शिडाच्या दोरानं त्यांना उडवलं. ते सापडले नाहीत.

पंचवीस नॉटला बोट सेकंदाला जवळजवळ तेरा मीटर जाते. माणूस पडल्यावर शीड आवरून बोट वळवायला दोन मिनिटं लागली तर तो दीड किलोमीटर मागे राहिलेला असतो, आणि परतीचा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर. म्हणून जाकिटात उपग्रहाला आणि बोटीला ठिकाण सांगणारे बीकन असतात, नकाशा-मेजावर माणूस पडल्याची जागा नोंदवणारं एक लाल बटण असतं. खरी भिस्त मात्र कमरेच्या दोरीवरच.

आपल्या समुद्रात

२००८-०९ च्या फेरीत दुसरा टप्पा केपटाऊनहून कोचीला आला आणि तिसरा तिथून सिंगापूरला गेला. भारताच्या वाट्याला आलेला तो थांबा. तीन वर्षांनी २०११-१२ मध्ये सोमाली चाच्यांच्या भीतीनं बोटी मालदीवपर्यंत आल्या, तिथे मालवाहू जहाजावर चढवून आखाताजवळ नेल्या आणि पुन्हा पाण्यात उतरवल्या.

गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ याच दक्षिणी वाऱ्यांतून, याच केप हॉर्नवरून गेल्या. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणी जगाभोवती फिरवून आणली, तेव्हा ही शर्यतही चालूच होती. पण तारिणी ५६ फुटी आणि वीस टनांच्या वर, लाकडी गाभ्यावर फायबरग्लास. लांबी इमोकाच्या जवळपास, वजन दुपटीहून जास्त. ती पोहोचवण्यासाठी बांधलेली बोट आहे. इमोका मोडण्याच्या अगदी अलीकडे थांबण्यासाठी बांधलेली असते, आणि ते ‘अलीकडे’ नेमकं कुठे हे रोज नव्यानं शोधावं लागतं.

ट्रॅकर पाहताना

पुढची फेरी सुरू झाली की फोनवर बोटींचे ठिपके दिसतील. पहिला क्रमांक कुणाचा याकडे लगेच लक्ष देऊ नका. तो क्रमांक अंतिम रेषेपर्यंतच्या सर्वांत लहान मार्गानं उरलेल्या अंतरावर काढतात, त्यामुळे ब्राझीलकडे वळसा घालणारी बोट दोन दिवस शेवटची दिसते आणि मग अचानक पहिली. वाऱ्याचा थर चालू करा आणि नवा वारा आधी कुणाला मिळणार ते पाहा. किनाऱ्याजवळचा शेवट असेल तर घड्याळ पाहा. रात्री मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारी खारा वारा समुद्राकडून. किनाऱ्याला चिकटलेल्या बोटीचा फायदा-तोटा त्या वेळेवर ठरतो.

आणि वेगाचा आकडा. सगळ्यांचा वेग एकदम उतरला तर वारा पडलाय. एकाच बोटीचा २४ वरून ८ वर आला, बाजूच्यांचा तसाच आहे आणि तिची नाळ रस्ता सोडून वाऱ्याबरोबर वळलेली दिसली, तर खाली बोट शांत ठेवायची धडपड चालू आहे आणि वर कुणीतरी दोराला लटकून डोलकाठीवर चढलंय.